कुडापलीकडचा विस्तव

मु. शहाड, कार्तिक अमावास्या, शके १८१२

ती. दादांच्या पायांवर धाकट्या परशुरामाचं डोकं ठेवून दंडवत. आपल्या दोन घरांमध्ये एका कुडाचं अंतर, तरी अकरा वर्षांत मी ख्यालीखुशाली विचारली नाही, तेव्हा आता एकदम विचारतो. प्रकृती बरी आहे ना? (खोकला अजून आहे, हे कुडातून ऐकू येतं. ज्येष्ठमध चघळत जावा.) वहिनींचे गुडघे काय म्हणतात? इकडचं विचाराल, तर क्षेम म्हणावं असं काही उरलेलं नाही.

आपल्या कानावर आलंच असेल (आपली भावजय, म्हणजे आमची ही, मोठ्याने बोलते), मी दसऱ्यापासून चैनी सोडल्या. घासलेटचा दिवा, काडेपेटी, चहा आणि आगगाडी, चारही बंद. कचेरीत बसल्या बसल्या मनात आलं, आजोबा यांतलं काहीही न वापरता ऐंशी वर्षं जगले, मग मलाच ही थेरं कशाला? विचार चांगला होता, दादा. अजूनही चांगलाच आहे. फक्त तो अमलात आणायला मी नको होतो.

चहा सुटला आणि डोकं असं ठणकू लागलं की मामलेदारसाहेबांनी जमाबंदीचा कागद मागितला, तर मला रडूच फुटलं. करंजाच्या तेलाच्या पणतीचा उजेड म्हणाल, तर पणती कुठे ठेवली आहे एवढं कळतं. ठाण्याला आनंदा कारकुनाच्या मुलीच्या लग्नाला पायी निघालो. खाडीवर होडी मिळेना. पोहोचलो तोवर पत्रावळी उचलून झालेल्या, आणि माझा अवतार पाहून कोणीतरी मला पाणक्या समजून हातात घागर दिली. मीही दमलेला, निमूट दोन खेपा केल्या. (परत कसा आलो ते विचारू नये. खिडकीकडे पाठ करून बसलो होतो, एवढंच सांगतो.)

पण खरा घात केला काडेपेटीने. भावजयीने बजावलं, व्रत तुमचं, तर विस्तवही तुम्हीच राखा. मी रोज निखारे राखेखाली झाकू लागलो. ते जमतंय असं वाटताच दुर्बुद्धी सुचली की सरपणही निम्मं करावं, आणि काल एकाच गोवरीवर भागवलं. त्या उबेला मांजर येऊन निजलं. सकाळी मांजर गरम आणि चूल गार. निखारे मागायला खापर घेऊन शेजारी भिवाकडे गेलो, तर त्याची आई म्हणाली, अमावास्येला घरातला विस्तव बाहेर देत नाहीत, हवी तर काडेपेटी घेऊन जा. साऱ्या आळीत हेच उत्तर. दुपार कलली, पोरं उपाशी आहेत, भावजय माहेरी जायचं गाठोडं बांधते आहे आणि माझ्याशी बोलणारं घरात कोणी राहिलेलं नाही. हरलो, दादा.

आपण वेगळे झालो ते माझ्या घासलेटच्या दिव्यापायी. हा वास देवांपुढे नको, असं आपण म्हणालात. मग देव वेगळे करा, असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं. अकरा वर्षं रोज वाटतं, म्हणायला नको होतं.

आपला अज्ञान धाकटा,
परशुराम

ता. क. पत्राबरोबर खापर पाठवलं आहे. वहिनींच्या चुलीत विस्तव असणारच, आपण काडेपेटी कधी घरात येऊ दिली नाहीत. अमावास्येला विस्तव घराबाहेर देत नाहीत, हे मलाही कळतं. पण कुडाच्या अलीकडचे आम्ही आपल्या लेखी बाहेरचे की घरातले, ते कधी विचारलं नव्हतं. आता विचारतो.

आणखी ता. क. शाई वाळेपर्यंत मागल्या बाजूने धूर आला. भावजयीने दसऱ्यापासून तांदळाच्या मडक्यात काडेपेटी लपवून ठेवली होती. भात शिजतो आहे. विस्तवाची आता गरज उरली नाही. तरी खापर पाठवतोच आहे. रिकामं परत पाठवू नये.