बाटलीतली खसखस

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, २ ऑगस्ट

ती. स्व. द्वारकाताईस,

धाकट्या मुक्ताचा वाकून नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा. वर्ध्याला पाऊस कसा आहे, उजवा गुडघा जिना चढू देतो का, शाळेतल्या जुन्या मुली तुला बघून अजून रस्ता बदलतात का, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन वाजला की आमचे हे तो स्पीकरवर टाकतात आणि मुक्ताला काय म्हणायचंय ते मुक्ताच्या आधी सांगून मोकळे होतात. कागदावर अजून यांना मध्ये बोलता येत नाही.

ऑपरेशन ठरलंय एवढं तुला भाग्यश्रीने कळवलंच असेल. पण माझ्या मुलीचं सांगणं म्हणजे तीन ओळींचा मेसेज आणि खाली हात जोडलेलं चित्र, म्हणून मुळापासून लिहिते. संक्रांतीपासून मला थंडी वाजून ताप यायचा, डाव्या कुशीत ठणकायचं आणि लघवीला आग व्हायची. इथवर चारचौघींसारखं. पण आणखी एक होतं. लघवीबरोबर हवा जायची, सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे यायचे. मी हे यांना सांगितलं, तर यांनी आधी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावली. (आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाहेर एक नारळ आहे, त्याला कळलं असतं तर काय बिघडलं असतं?) मग दवाखान्यात आमचा नंबर लागला. आमची बसायची रीत तुला ठाऊक नाही. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आमचे रंगराव, मांडीवर फाईल, फाईलला अनुक्रमणिका. मी वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारतात आणि उत्तर खुर्चीतून येतं, तेही अनेकवचनात. आम्हाला ताप येतो, आम्हाला आग होते, आम्ही पाणी कमी पितो. (हे दिवसाला चार तांबे पितात.) आणि ती हवेची गोष्ट यांनी चांगल्या घरात शोभेल अशी करून एका शब्दात सांगितली. म्हणाले, "गॅसेस." झालं. पाच महिने मी जेवणानंतर ओव्याचा अर्क घेत होते. एकदा स्टुलावरून तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाले, "काकू, काका सांगतायत ना." आजार माझा आणि माहिती काकांना.

आता लॅबचं ऐक. दर महिन्याला लघवी तपासायला द्यायची आणि दर महिन्याला इंग्रजीत तेच उत्तर यायचं, की यात अनेक प्रकारचे जंतू आहेत, सबब नमुना घेताना स्वच्छता राखलेली दिसत नाही, नमुना पुन्हा घ्यावा. ताई, ही मी. जी दुधाची पिशवी धुऊन मग कापते. बोहारणीने दिलेलं पातेलं जिने तीन दिवस उन्हात ठेवलं होतं, ती मी. तिसऱ्या रिपोर्टनंतर लॅबमधली ओवी नावाची मुलगी (वय बावीस, नखं केवढी) मला हात कसे धुवायचे ते भिंतीवरच्या चित्रावरून शिकवत होती. मी उभी राहून शिकले, कारण मागे रांग होती. पण त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, जाऊ देणारही नाही.

मग आला अधिक महिना. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणून मी तापातच पीठ भिजवलं. संतोषला गोड चालत नाही, तो दोन खातो आणि उरलेले ऑफिसात वाटतो, पण रीत ती रीत. तुपात जे हसून विस्कटले ते ताटात कसे ठेवणार, म्हणून सहा-सात मीच खाल्ले. दुसऱ्या दिवशी लॅबचा नंबर होता. बाटली त्यांची, सील त्यांच्यासमोर फोडलेलं, बाथरूमही त्यांचंच. मी बाटली उजेडात धरली तर तळाशी पांढरे कण. ताई, गेली चाळीस वर्षं मी खसखशीवर अनारसे थापतेय, मला खसखस ओळखू येते. ओवीने बाटली बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, खाण्याचे हात लागले का हो?" मी घरी येऊन रडले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, लॅबचं बाथरूम घाण असेल, आपण तक्रार करू. केलीसुद्धा, दोन पानी. खसखशीचा त्यात उल्लेख नाही, कारण तो म्हणे बरा दिसत नाही.

शेवटी ताप उतरेना म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे डॉक्टर पूर्वा म्हणून एक मुलगी आहे, आपल्या भाग्यश्रीहून लहान. तिने सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाली, पाच वेळा तेच जंतू, आणि सगळे आतड्यात राहणारे. पाच वेळा अगदी सारखाच निष्काळजीपणा कुणी करत नाही. (मी तिथेच तिला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.) यांनी घसा साफ केला, तेवढ्यात तिने यांना चार नंबरच्या काउंटरवरून शिक्का आणायला पाठवलं, दार लावलं आणि मला खुर्चीत बसवलं. मी सगळं सांगितलं. हवा, बुडबुडे, अनारसे, खसखस. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, काही ठिकाणी हे ओळखायला पेशंटला मुद्दाम खसखस खायला घालतात. मावशी, तुमची तपासणी तुमची तुम्हीच करून टाकलीत.

मग सुया, फोटो, शिरेतून रंग, खालून नळी घालून वर किडनीपर्यंत रंग, आणि तो रंग पडद्यावर डाव्या किडनीतून सरळ शेजारच्या मोठ्या आतड्यात उतरताना दिसला. डाव्या किडनीत मोठा फांद्याफांद्यांचा खडा, किती वर्षांचा कोण जाणे. त्याने पू झाला, पुवाने भिंत खाल्ली आणि किडनीतून आतड्यात एक भलतीच वाट पडली. याला फिस्टुला म्हणतात. सोसायटीच्या कंपाउंडला शेजाऱ्यांनी भोक पाडलं तेव्हा यांनी महापालिकेला तीन अर्ज दिले होते. माझ्या आत कुणी न विचारता वाट काढली, तर पाच महिने ओव्याचा अर्क. ती किडनी आता नावालाच आहे, सहा टक्के काम करते. आधी पाठीतून नळी घालून पू काढायचा आणि औषधांनी ताप उतरवायचा, मग किडनी काढून आतडं शिवायचं, असं ठरलंय. नळी दीड महिना माझ्या पाठीत आहे. तिच्या पिशवीला मी जुन्या खणाचा अभ्रा शिवला, उघडीनागडी पिशवी घेऊन मी भाजीला जाणार नाही.

सीटीचा रिपोर्ट घेऊन मी लॅबमध्ये गेले होते. म्हटलं, मला लेखी पाहिजे की माझ्या स्वच्छतेत खोट नव्हती. ओवीने वाचलं आणि म्हणाली, "ओके काकू, टेक केअर." याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

तू येऊ नकोस. तुझे गुडघे, आमचे तीन जिने, बंद लिफ्ट, सगळं बघून सांगते. पोरं आहेत, हॉस्पिटल चांगलं आहे. भीती वाटते, नाही कशाला म्हणू? आतड्याचा तुकडा कापावा लागला तर काय, शुद्धीवरच आले नाही तर काय, हे येतं मनात. पण राग मोठा असल्यामुळे ती फार वेळ टिकत नाही. घरी सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी,
मुक्ता

ता. क. ऑपरेशन वीस तारखेला, गुरुवारी सकाळी आठला आहे. तू येणारच असलीस तर आदल्या दिवशी ये. तू यांची आकडसासू, तुझा शब्द हे मोडत नाहीत. डॉक्टर विचारायला येतील तेव्हा यांना कात्रजला साप बघायला घेऊन जा, म्हणजे माझी उत्तरं मला देता येतील.

दुसरा ता. क. वरचं खोडावं म्हणत होते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. यांना कुठे न्यायची गरज नाही. सर्जननी सगळं समजावून यांना विचारलं, काही शंका? आणि ताई, हे बोललेच नाहीत. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. फाईल मांडीवर, तोंड अर्धवट उघडं. शेवटी मीच म्हटलं, ते विचारतायत की एका किडनीवर माणूस जगतो का. डॉक्टर म्हणाले, मजेत जगतो. यांनी नुसती मान हलवली. तेव्हापासून फाईलीत एक कागद लावलेला नाही. घरातली खसखस मात्र हे डब्यासकट कचऱ्यात टाकून आले. चांगला स्टीलचा डबा होता.

तिसरा ता. क. तेव्हा तू ये. चार-पाच तास मी बेशुद्ध असणार. तेवढा वेळ मला काय होतंय, कुठे दुखतंय, हे यांना कुणाला तरी सांगावं लागेल. तू शेजारी बस आणि ऐकून घे. सगळं चुकीचं सांगतील, पण ताई, त्या दिवशी मध्ये बोलू नकोस.