मागे सीट नसलेली गाडी

१० मे २०२४, आखाजी (अक्षय्य तृतीया)

लग्नाला आज पन्नास वर्षं झाली. श्रेणिकने केक आणला. वर आमचा दोघांचा फोटो, खायचा. सूनबाईने, म्हणजे फाल्गुनीने, नेमका माझ्या डोक्याचा तुकडा मला दिला. गोड होता.

केक संपल्यावर जाहीर केलं, मी स्पोर्ट्स कार घेतोय. मग श्रेणिक म्हणाला, पप्पा, तुम्ही बहात्तरचे आहात. म्हटलं, मग? कंपनीने गाडीवर कुठे वय लिहिलंय का? म्हणाला, मागच्या दिवाळीला तुम्ही साधी गाडी जैन स्थानकाच्या पायरीवर चढवली होती. पायरी नवीन बांधली होती. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

कारण फक्त इथे लिहितो. पन्नास वर्षांत माझी बायको लाडकंवर एकदाही गाडीत पुढे बसलेली नाही. आधी पुढे बाबूजी बसायचे. मग आईला मागे मळमळायचं. मग श्रेणिकला पुढेच बसायचं असायचं, मग फाल्गुनी तान्ह्या प्रियलला घेऊन, आता प्रियल स्वतः. लाड मागे. मांडीवर डबा, पायाशी पाण्याची बाटली. कधी तक्रार नाही. मीही कधी विचारलं नाही.

स्पोर्ट्स कारला मागची सीट नसते. विषय संपला. तिला शेजारी बसवून तोरणमाळला न्यायचं. घाट चढायचा, तलावाकाठी डबा खायचा, परत यायचं.

२ जून

गाडी आली! भाचा अंकित सुरतेहून चालवत घेऊन आला. सेकंड हँड, पण लाल. छत उघडतं. गल्ली गोळा झाली. चुडामण खास कळसाडीहून आला. शाळेपासूनचा दोस्त, पण तोंडाला लगाम नाही. गाडीभोवती फिरून म्हणाला, शांतीशेठ, आपला वयमा आते हाई कसाले जोयजे? सर्वांसमोर वय काढलं. मी हसण्यावारी नेलं. तो अजून मोपेड चालवतो. त्याला काय कळणार.

आत बसलो. फार खाली आहे. बसलो म्हणण्यापेक्षा पोचलो. उतरताना अंकितचा हात, दाराची कड आणि नवकार मंत्र, तिन्ही लागले. उतरण्याची एक टेक्निक असते. अंकित म्हणाला, सगळ्यांनाच वेळ लागतो, मामा. तो स्वतः उडी मारून उतरला. पण तो या धंद्यातला आहे.

लाड ओट्यावरून बघत होती. म्हणाली, रंग छान आहे. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अभिमान असावा.

९ जून

पहिली ट्रायल. स्टार्ट एकदम फर्स्ट क्लास. आवाज असा की दूधवाल्याच्या म्हशीने मान वळवली.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, मध्ये मी. तराजूच्या दांडीसारखा. लोकांनी उचलून सोडवलं. नगरपालिकेला अर्ज देणार. एवढा उंच गतिरोधक शहाद्यात तरी कशाला हवा?

वळताना डाव्या बाजूला कंपाउंडची भिंत लागली. एकदम आली. चुडामणला सांगितलं तर म्हणाला, शांतीशेठ, ती भीत तठेज व्हती, तीस वरीसपासून. मग विचारलं, तुमले बाजूनं दिखस का? म्हटलं, माणसाने समोर बघून चालवायचं असतं. तो नुसता बघत राहिला. हल्ली सगळे बघत राहतात.

१६ जून

संकल्प :
रोज सकाळी डोळ्यांचे व्यायाम.
रात्री भिजवलेले बदाम.
जिन्यावरून उतरताना कठडा न धरणे.
उतरण्याची टेक्निक.

फाल्गुनी म्हणाली, डोळ्यांना गाजर चांगलं. आपल्यात गाजर चालत नाही, कंदमूळ. मग म्हणाली, तर डॉक्टरला दाखवू या. गाजरावरून एकदम डॉक्टर! आजकालच्या मुलींना मधला रस्ता माहीत नाही.

ता. क. कठडा न धरणे उद्यापासून. आज एक पायरी कमी भरली.

२३ जून

धडगावची जीप चालवणारा गुलाबसिंग कापड घ्यायला दुकानात आला. त्याला चहा पाजून तोरणमाळच्या घाटाची माहिती घेतली. म्हणाला, घाटात समोर बघून भागत नाही शेठ, बाजूला बघावं लागतं. वळणावर हॉर्न द्यायचा, दरीची कड डोळ्याच्या कोपऱ्यात धरायची. मग विचारलं, चालवणार कोण? म्हटलं, मी. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, मी नेतो ना, माझ्या जीपने. पैसे नको.

धंद्यातली असूया. समजू शकतो.

एक लिहून ठेवतो. त्याने निघताना डाव्या बाजूने हात पुढे केला होता म्हणे. मी घेतला नाही. त्याला वाटलं असेल शेठ रागावला. दुकानात ट्यूबलाइट बदलली पाहिजे.

७ जुलै

पाऊस. गाडीला पावसात काढायची नाही, अंकितचा सल्ला. मीच फोन करून विचारलं होतं, की पावसात काढू नये ना? तो म्हणाला, हो मामा, नकोच. म्हणजे मी घाबरतो असं नाही. एक्स्पर्ट ओपिनियन आहे.

तारीख पक्की : २१ जुलै, रविवार. पाऊस असो नसो. लाडला सांगितलं, पुढे बसायची तयारी ठेव. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, मी पुढे बसून काय करू? म्हटलं, रस्ता बघ. ती म्हणाली, तो बघावाच लागेल. किती उत्साह!

२० जुलै

घोटाळा झाला.

आज चातुर्मास बसला. सकाळी स्थानकात साध्वी महासतीजींचं प्रवचन. हॉल भरलेला. मी मागे खुर्च्यांवर, गुडघेवाल्यांत. माझं लक्ष उद्याच्या हवेच्या प्रेशरवर. एकदम सगळे हात जोडून उभे राहिले. मला वाटलं प्रवचन संपलं, आशीर्वादाचं मांगलिक सुरू. म्हणून मीही उठलो, हात जोडले, डोळे मिटले, मान लववली. शेवटी सगळ्यांबरोबर मोठ्याने हो असंही म्हणालो.

ते मांगलिक नव्हतं. पच्चक्खाण होतं. महासतीजी नियम देत होत्या आणि उभा राहील त्याने तो घेतला. नियम कसला, तर चार महिने वाहनाचा त्याग. चालवायचं नाही, बसायचंही नाही. सूट फक्त दवाखान्याची. खरं तर सगळे उठलेच नव्हते. उठली होती पुढची रांग. लाड त्या रांगेत पहिली.

खाली बसेपर्यंत लोक माझ्या पाया पडायला लागले होते. नवी गाडी दारात असताना केवढा त्याग! अध्यक्षांनी माइकवरून नाव घेतलं. आता कोणत्या तोंडाने सांगू, की मी प्रेशरचा विचार करत होतो?

फाल्गुनी बोलून गेली, की मम्मीजी काल दुपारी महासतीजींकडे बराच वेळ बसल्या होत्या, डोळे पुसत आल्या. भक्ती. तिला बिचारीला काय माहीत, की नियम नेमका गाडीवर येईल. तिचीही पुढची सीट गेली.

चार महिने. गाडी कुठे पळून जात नाही.

११ ऑगस्ट

जैन संघातर्फे बहुमान झाला. शाल, श्रीफळ. भाषणात म्हणालो, वेगाचा मोह सुटला पाहिजे. टाळ्या. बोलून मलाच बरं वाटलं.

व्यासपीठावरून उतरताना पायरी डाव्या अंगाला होती. लाड आधीच तिथे हात देऊन उभी होती. तिला कसं कळलं कोण जाणे.

गाडी गोदामात. श्रेणिकने बॉनेटवर साड्यांचे गठ्ठे ठेवलेत. रोज दुपारी जाऊन गठ्ठे उचलतो आणि बाजूला उभा राहतो. बंद गाडीत बसलं तर नियम मोडतो का, महासतीजींना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, शांतिलालजी, गाडी बंद आहे, मन किती वेगात आहे ते बघा. मन चांगल्या स्पीडला आहे. ते बघून समाधान वाटलं.

८ सप्टेंबर, संवत्सरी

प्रतिक्रमण झालं. सगळ्यांची क्षमा मागितली. श्रेणिकची, फाल्गुनीची, प्रियलची. चुडामण जैन नाही, तरी त्यालाही फोन केला. म्हणाला, माफ कयं, पण गाडी ईकी टाका. क्षमेला अट नसते हे त्याला सांगायचं राहिलं.

लाडने माझ्यासमोर हात जोडले. जाणता-अजाणता तुमचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. दर वर्षी म्हणते. यंदा जाणता या शब्दापाशीच रडली. म्हटलं, अगं, तू माझं काय वाईट केलंस? तर आणखीनच रडली.

उपवासाची कमजोरी.

१३ ऑक्टोबर

पायी फिरून तब्येत सुधारलीय. फक्त बाजारात गर्दी फार झालीय आणि लोकांना शिस्त उरलेली नाही. हातगाडी, सायकल, गाय, सगळं बाजूने एकदम अंगावर येतं. पूर्वी गोष्टी लांबून यायच्या. आज एका बाईच्या पपईच्या टोपलीत पाय पडला. ती म्हणाली, बाबा, दिसत नही का? बाबा! शेठही नाही.

हल्ली लाड दुकानापर्यंत सोबत येते. डाव्या बाजूने चालते. सवय लागली म्हणते.

१५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा

चातुर्मास संपला! सकाळी महासतीजींचा विहार. सगळा संघ शहराबाहेरपर्यंत पायी पोचवायला गेला. निरोप घेताना त्यांनी लाडला बाजूला घेतलं, काही विचारलं. लाडने मान हलवली. मग त्या मला म्हणाल्या, हाच नियम पुढे वाढवायचा का? म्हटलं, महासतीजी, आता दुसऱ्यांनाही त्यागाची संधी मिळू दे. लोक हसले. लाड हसली नाही.

उद्या सकाळी तोरणमाळ. अंकितने माणूस पाठवून बॅटरी चार्ज करून दिली. श्रेणिक बोलतच नाही. बोलेल. डोळ्यांचे व्यायाम आज रात्रीपासून.

१६ नोव्हेंबर, दुपार

जायचं रद्द.

डबा रस्त्यात ठेवायची सवय चांगली नाही.

झालं ते असं. गोदामातून गाडी काढली. दारापाशी आणायची, लाडला घ्यायचं. समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता. अगदी स्वच्छ, नळीतून बघावा तसा. डावीकडे वळवली. काहीतरी कडकन वाजलं. वाटलं गतिरोधक. ब्रेक दाबला.

थेपल्यांचा डबा होता. चपटा झाला. झाकण अजूनही चाकाखालीच आहे.

डबा तिने पायाशी ठेवला होता. म्हणजे ती डब्याशेजारीच उभी होती. मरून साडी, नवीन. मी सकाळीच तिला छान दिसतेस म्हटलं होतं. चपलेचा बंद लावायला खाली वाकली होती, म्हणते. पदराला ग्रीस लागलंय.

मला दिसली नाही.

फाल्गुनी ओरडली. लाड नाही ओरडली. ती पुढे येऊन दाराशी वाकली आणि म्हणाली, तुम्हाला लागलं तर नाही ना?

१७ नोव्हेंबर

आज काही नाही.

१८ नोव्हेंबर

गोदामात प्रियलला म्हटलं, इकडे ये, माझ्या बाजूला उभी राहा. मी समोर बघतो, तू हात हलव. परत म्हटलं, हलव ना. म्हणाली, दादाजी, कधीपासून हलवतेय.

गोदामात ट्यूबलाइटही चांगली होती. चारही लावल्या होत्या.

२१ नोव्हेंबर

नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तरुण आहे. यंत्रात डोकं घालायला लावलं. बाजूला ठिपके दिसतील, दिसला की बटण दाबा. मी वाट बघत होतो. यंत्र बिघडलंय का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

काचबिंदू. दोन्ही डोळे, डावा जास्त. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंब टाकून सांभाळायचं. गाडी चालवायची नाही, कोणतीच. मी विचारलं, वयामुळे का? वयाचं सोडा, म्हणाला, विशीत हे असतं तरी चालवू दिलं नसतं. दोन वर्षं आधी आला असतात, तर गोष्ट वेगळी असती.

लाड खाली बघत होती. म्हणाली, मला संशय होता. मी तुम्हाला आणायला पाहिजे होतं, मी नुसती गाडी थांबवली. मी विचारलं, गाडी कशी थांबवली? तिने पदराने डोळे पुसले. तेव्हा कळलं. मी प्रेशरचा विचार करत असताना पुढच्या रांगेत ती पहिली का उठली होती.

जाताना श्रेणिकने मला मागे बसवलं. म्हणाला, मागे मोकळेपणाने बसा. आणि लाड पुढे बसली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी ज्याच्यासाठी सुरतेहून गाडी आणली, ते श्रेणिकच्या साध्या गाडीत, बोलता बोलता झालं. मागून मला तिचा अंबाडा दिसत होता. तेवढा नीट दिसतो.

परत येताना प्रकाशा गावाजवळ पुलाच्या अलीकडे चहाला थांबलो. विचारलं, कसं वाटलं पुढे? म्हणाली, खरं सांगू? पट्टा गळ्याशी येतो. एसीचा वारा थेट गुडघ्यावर. मागेच बरं, पाय वर घेता येतात. मग सरळ मागे येऊन बसली. मांडीवर पिशवी, पायाशी बाटली. माझ्या डाव्या बाजूला.

श्रेणिक म्हणाला, दोघं मागे, मी काय ड्रायव्हर आहे का? पुढची सीट शहाद्यापर्यंत रिकामी आली.

अंकितला फोन केला. रविवारी येऊन गाडी नेतो म्हणाला. चाकाखालचं झाकण काढायला सांगितलंय.

पुलावरून पुढे लाड खिडकीतून बघून हळूहळू सांगत होती. ऊस. केळी. पपई. उसाची ट्रॉली चाललीय. तिच्या बाजूचं सांगून झालं की माझ्या अंगावरून वाकून माझ्याही खिडकीतलं सांगायची.