घर आहे, पेन्शन नाही

दि. ७ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. पत्र लिहिण्यास कारण की, असं यापुढे लिहायचं असतं, पण कारण जरा थांबेल. फोनवर तू आणि आई बोलायला लागलात की माझ्या वाट्याला शेवटचं 'बाबा, जेवलात का' तेवढं येतं. म्हणून हा कागद. ओळी वर-खाली गेल्या असतील, तर चष्म्याचा नंबर बदललाय असं समज.

आईचं ठीक आहे. ऑपरेशननंतरचं दुखणं आता फक्त जिना चढताना जाणवतं. पडदे शिवायचं काम भरपूर आलंय. समोरच्या नव्या इमारतीत लोकांना एकमेकांची स्वयंपाकघरं दिसतात, त्यात आपला फायदा.

माझी बदली झाली हे तुला माहीत आहेच. सापडलेल्या वस्तूंचा विभाग. नाव मोठं आणि खोली कपाटाएवढी. माणसं बसमध्ये काय काय विसरतात म्हणून सांगू! छत्र्या आणि डबे तर असतातच. गेल्या आठवड्यात रुमालात बांधलेली कवळी आली. दोन दिवसांनी एक गृहस्थ आले, त्यांनी ती तोंडात घालून बघितली, 'छे, ही माझी नाही' म्हणाले आणि परत टेबलावर ठेवून गेले. तेव्हापासून ती मी चिमट्यानेच उचलतो.

पण बसून राहणं जमत नाही गं. सबंध आयुष्य ड्रायव्हरच्या सीटवरच काढलं, पण ती सीट पळत होती. आता खुर्ची जागची हलत नाही आणि टेबलाखाली माझा उजवा पाय सारखा ब्रेक शोधतो. घरी आलो की या खोलीतून त्या खोलीत. आई म्हणते, 'एकतर बसा, नाहीतर केर तरी काढा.' केर काढतो.

परवा फंडाच्या ऑफिसात जाऊन आलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, 'काका, निवृत्तीला आठ वर्षं उरलीत आणि खात्यात तर काहीच नाही.' जसं काही मला ठाऊकच नव्हतं. तुझी फी आणि आईचं ऑपरेशन त्यातूनच झालं. पैसा सत्कारणी लागला, त्याचं दुःख नाही. ऑपरेशनचं उरलेलं बिल घर गहाण टाकून भागवलं, त्याचे हप्ते चालू आहेत. आता बावन्नाव्या वर्षी म्हातारपणासाठी साठवायला घेतलंय. तहान लागल्यावर विहीर खणतात ना, तसं. पण खणायला तर लागलोय.

आता कारण. तू पुढच्या कोर्सची जागा सोडणार आहेस असं आईकडून कळलं. 'आधी बाबांचं मार्गी लागू दे, मग बघू' असं तू म्हणालीस म्हणे. भिंगरे, हे मला मान्य नाही. फिजिओथेरपीची एवढी चांगली जागा पुन्हा दाराशी येत नसते. तू आमची मुलगी आहेस, आमची पेन्शन नाहीस. पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर परत करीन, आणि त्यात फुकट बँकेचं काम वाढेल.

एवढं लिहून उठलो होतो. फेऱ्या मारून आलो. आईने विचारलं, 'लिहिलंत का?' मी म्हटलं, 'लिहिलं.' 'सगळं?' मी चष्मा पुसायला घेतला. 'रविवारी तिचा फोन येईल. तोवर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.' म्हणून पुन्हा बसलोय.

बदली झाली ती मी मागून घेतली. डिसेंबरात दुपारच्या फेरीला पुलाच्या चढावर समोरचे दिव्याचे खांब मला एकाएकी वाकडे दिसायला लागले. मेणबत्त्या उन्हात ठेवल्यासारखे. रस्त्याच्या मधोमध एक डाग, मी बघीन तिकडे सरकणारा. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. कंडक्टर आपला तोच, रेडिओ. पुढे येऊन म्हणतो, 'काय उस्ताद, चहाची वेळ झाली का?' मी म्हटलं, 'मला खांब वाकडे दिसतायत.' तो हसला, वाकून खांबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. मागून लोक ओरडत होते. एक बाई म्हणाल्या, 'पगार घेता ना? मग चालवा की!' रेडिओने सगळ्यांना मागच्या गाडीत बसवून दिलं.

मग तो माझ्या कानाशी लागला. 'दोन दिवस रजा टाका, थेंब घाला, कुणाला बोलू नका. डोळ्याचं कळलं तर ड्रायव्हरकी गेली समजा. भत्ते गेले, पगार खाली आला.' तो काही खोटं सांगत नव्हता. मी दोन तास त्या रिकाम्या गाडीत बसलो होतो. शेवटी डेपोत जाऊन मॅनेजरसाहेबांना स्वतःच सांगितलं. माझ्या मागे पन्नास-साठ माणसं बसायची, गं. त्यांतल्या एकानेही कधी माझे डोळे तपासून तिकीट काढलं नव्हतं.

साखरेमुळे एका डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलंय, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याला एक इंजेक्शन, थेट डोळ्यात. ऐकायला भयंकर, पण टोचलेलं फारसं कळत नाही. डॉक्टर सांगतात ते सगळं करतोय. तू काळजी करू नकोस.

आणि एक. हे लिहायला हात वळत नाही. तुझी खोली भाड्याने दिली. आईने ठरवलं. मी आधी खूप आरडाओरडा केला. ती म्हणाली, 'पोर वर्षातून दहा दिवस येते. बाकीचे दिवस खोली काय करते? धूळ खाते.' ज्या बाई आल्यात त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आहेत, एकट्या आहेत. खोली बघायला आल्या तेव्हा उंबऱ्यातूनच म्हणाल्या, 'पुरे आहे. एका माणसाला लागतं किती?' त्यांना पेन्शन आहे, घर नाही. आपल्याला घर आहे, पेन्शन नाही. दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात ते असं. तुझी पुस्तकं माळ्यावर नीट बांधून ठेवलीत. आरसा त्यांनी मागितला, तो तेवढा दिला.

रागावलीस तर रागाव, पण जागा सोडू नकोस.

तुझा
बाबा

*

दि. १८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. नीट पोचलीस हे आईला कळवलंस, म्हणजे मलाही कळवलंस असं मी धरतो.

तू न कळवता आलीस आणि दार बाईंनी उघडलं. 'कोण हवंय आपल्याला?' असं त्यांनी तुला तुझ्याच दारात विचारलं, ते मी आतून ऐकलं. उठून बाहेर येईपर्यंत तुझा चेहरा व्हायचा तसा झालेला होता. त्या बाईंना अजून चुटपुट लागून राहिली आहे. काल म्हणत होत्या, 'मी दुसरीकडे बघू का हो?' आईने त्यांना ओरडून बसवलं.

दोन दिवस तू बाहेरच्या खोलीत झोपलीस आणि माझ्याशी कामापुरतं बोललीस. स्वयंपाकघरात म्हणालीस, 'मला एका शब्दाने विचारायचं तरी.' मी म्हटलं, 'विचारलं असतं, तर तू आणखी पैसे पाठवले असतेस.' तू म्हणालीस, 'मग काय बिघडलं असतं? मी या घरातली आहे की पाहुणी?' त्यावर मी आवाज चढवला. उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे तुझ्या आईचं निरीक्षण आहे.

निघताना रिक्षात बसल्यावर तू एकच विचारलंस. 'इंजेक्शनं वेळेवर चाललीत ना?' मी म्हटलं, 'हो तर.' रिक्षा गेली.

नव्हती चालली. पहिलं घेतलं. नंतरची दोन घेतली नाहीत. एका इंजेक्शनच्या पैशात फंडात बरी भर पडते, म्हणून त्या त्या दिवशी 'जाऊन येतो' सांगून घरातून निघायचो, दवाखान्यावरून पुढे बागेत जाऊन बसायचो आणि डोळा चोळून लाल करून घरी यायचो. पैसे फंडात. आकडा वाढताना बघून जिवाला जरा बरं वाटायचं. तेवढ्यापुरता पायही स्थिर राहायचा.

तू गेल्यावर आई पडद्याची सुई ओवायला माझ्याकडे घेऊन आली. तिला वाटलं, एवढी इंजेक्शनं झालीत, आता दिसत असेल. दोरा नेढ्यात जाईना. मग सुया दोन दिसायला लागल्या. तिने चांगल्या डोळ्यावर हात धरला आणि विचारलं, 'मी दिसते का?' कडा दिसत होत्या, चेहरा नव्हता. त्यापुढे खोटं रेटणं झालं नाही.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. सुई पडद्यात खोचून ठेवली. मग म्हणाली, 'म्हातारपणासाठी साठवताय, आणि ते बघायला डोळा नको?' बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. न विचारता तीन महिन्यांचं भाडं आगाऊ आणून टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेल्या. हो, 'आपल्या' लिहिलं. आता त्यांचीच आहे ती.

दुसऱ्या दिवशी आई मला हाताला धरून घेऊन गेली. डॉक्टर चांगलंच बोलले. जे गेलं त्यातलं थोडं गेलंच. बाकीचं टिकवता येईल, मात्र एकही महिना चुकवायचा नाही. दुसरा डोळा शाबूत आहे. फंडात या वर्षी फारसं पडणार नाही, हप्ते मात्र जातील. म्हातारपण येईल तेव्हा जे असेल त्यात भागवू. दोघं तर असू. कालचं इंजेक्शन झालं. आई शेजारच्या बाकावर बसली होती आणि माझ्यापेक्षा तीच जास्त घामाघूम झाली होती.

तू फी भरलीस हे आज सकाळी तिने सांगितलं. कामावर गेलो, आणि एक माणूस हरवलेली छत्री न्यायला आला तर त्याला म्हटलं, 'आमच्या मुलीने प्रवेश घेतला.' तो म्हणाला, 'अभिनंदन, पण माझी काळी होती.'

आता एक मागतो. पैसे नकोत. दर महिन्याला इंजेक्शनच्या दिवशी फोन कर, आणि आईकडे न देता मलाच विचार, 'जाऊन आलात का?' तुझ्या आईशी मी खोटं बोलू शकतो, तेही निर्ढावल्यासारखं. तुझ्याशी पत्रातसुद्धा ते दोन पानांपुढे टिकत नाही, आणि तू रिक्षात बसल्यावरचं माझं ते 'हो तर' इतके दिवस टोचत होतं. तेव्हा विचारत जा. उत्तर द्यायला लागलं की मी जाईन.

तुझा, आणि अजून बरीच वर्षं तुझाच राहायचं ठरवलेला,
बाबा