बारा पाड्यांचे निरोप

१० जानेवारी २०२५
बारापैकी आठच! मोलगीच्या आठवडी बाजारात बसून पाड्यांवरून पोचलेले निरोप आज पुन्हा मोजले. पाड्यांवर रेंज नाही, म्हणून प्रत्येक पाड्यावर एक डबी ठेवली आहे — बटण दाबून बोलायचे. आणखी सहा डब्या सहा जिपांत. दोन डब्या जवळ आल्या की एकीतला निरोप दुसरीत जातो. विखुरलेले ठिपके जागेवर बसले तर तुटलेले राहतात, मधले काही फिरते झाले तर कधी ना कधी सगळे जोडले जातात — माझा सगळा प्रबंध यावर उभा! मार्गदर्शक सर म्हणाले, "चोवीस तारखेचा बाजार शेवटचा. मग डब्या परत."
जीपवाले हेमराजभाऊ अहिराणीत: "ताई, तुन्ही डबी मन्ही जीपमा फुकट फिरी ऱ्हायनी, तरी मुकीच शे."

११ जानेवारी
चूक माझीच. माझ्या गणितात ठिपके कुठेही भटकतात. जिपा सडक सोडत नाहीत. सडकेवरच्या त्याच त्या डब्या पुन्हा भेटतात, आतले पाडे सुटतात.

१२ जानेवारी
रूपलीबाईच्या पाड्यावर गेले. ती चार तास पायवाटेने, पाड्यापाड्यांवरून चालून बाजारात कोंबड्या विकते. जीपमधली एक डबी तिला दिली, भीतभीत. हातावर तोलून म्हणाली, "कोंबडीपेक्षा हलकी. आन् दाणा बी मागत नाही."
उरलेल्या पाच तिच्या ओळखीच्या बायांच्या टोपल्यांत.

१७ जानेवारी
अकरा! फक्त एक पाडा गप्प, जिथली डबी फुलसिंग सांभाळतो. सरांना फोन लावणार, तेवढ्यात रूपलीबाई म्हणाली, "तुझ्यासाठी नदीवर बसून राहिलो, साऱ्या येईपर्यंत."
म्हणजे हे त्यांचे रोजचे चालणे नव्हे. अकरा खोडले. लहानपणी घरी काकू शिकवायची; भलत्या रीतीने आलेले बरोबर उत्तरही खोडायला लावायची.
बायांना सांगितले, नेहमी थांबता तेवढेच थांबा.
"मग पाणी प्यायचं का नाही, मास्तरीण?" सगळ्या हसत सुटल्या.

२४ जानेवारी
बारा.
कोणी मुद्दाम थांबले नाही — सहाही जणींना वेगवेगळे विचारले. तीनदा मोजले. बाराच! सरांना फोन लावला. ते एवढेच म्हणाले, "आता लिही." हेमराजभाऊंनी जिलेबी आणली.

२५ जानेवारी
डब्या रिकाम्या करताना तेरावा निरोप सापडला. रूपलीबाईची मुलगी सोनीबाई, गुजरातेतून, उसाच्या फडावरून बोलत होती! फुलसिंग मागच्या आठवड्यात पाड्यावरची डबी खिशात घालून तिकडे जाऊन आला होता.
रूपलीबाईला ऐकवला. डबी तिने परत दिली नाही. "फुलसिंग उद्या परत तिकडे जातो," म्हणाली, आणि बटण दाबून बोलत बसली.