धावड्याच्या डिंकाचा गुण

६ एप्रिल
गाडीखाली पुन्हा हिरवट थारोळं. रेडिएटरमधला कुलंट गळतोय. गाडी वीस वर्षांची, मी सहासष्टची. गळते ती. नागपूरला पियुषला फोनवर सांगायची चूक केली. मुलगा म्हणाला, विकून टाक, गिऱ्हाईक मी आणतो. त्याला आठवण करून दिली की मी बी.एस्सी. आहे. वनस्पतिशास्त्र, पण सायन्स ते सायन्स.
निश्चय: दुरुस्ती स्वतः करायची.

७ एप्रिल
सुनिल मेकॅनिककडे गेले. केवळ खातरजमा म्हणून. तो खाली वाकलासुद्धा नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाला, "वॉटर पंप असन बाई, नाई तं गॅस्केट असन, नाई तं रेडिएटर." मी मुख्याध्यापिका असताना अशा उत्तराला शून्य देत असे. गाडी ठेवून जा म्हणाला. त्याच्या शेडमागे कुणीतरी अशीच ठेवून गेलेली एक जीप आहे. तिच्यातून पळस उगवला आहे. गाडी परत आणली.

९ एप्रिल
पाईपचा क्लॅम्प आवळला. जरा जास्त आवळला. आता नवा पाईप, नवा क्लॅम्प. पहिला पाईप तसाही जुनाच होता.

११ एप्रिल
रेडिएटरमध्ये हळद टाकली. ट्रकवाले टाकतात. गळती तेवढीच, थारोळं मात्र पिवळं. शेजारच्या धुरपताबाईंनी कुंपणावरून विचारलं, "कोणाले हळद लागली जी?" थारोळ्यावर माती लोटली.

१३ एप्रिल
उपाय सापडला. धावड्याचा डिंक. धावड्याच्या खोडाला जखम झाली की झाड स्वतःच डिंकानं ती बुजवतं. हे कोणत्याही मेकॅनिकला ठाऊक नसतं. माझी धाकटी बहीण मंजुषा वाघांच्या जंगलापाशी मोहर्लीत होमस्टे चालवते, तिनं दिलेला डिंक घरात होता. कुटला, कोमट पाण्यात कालवला, ओतला.
हेमराज पायरीवर बसून बघत होते. (नवऱ्याला घरात 'अहो' म्हणते. इथं नाव लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.) म्हणाले, "गूळ बी टाक. इंजिन तापलं का लाडू होतीन." जन्मभर पोस्टात शिक्के मारले की विचारशक्तीचं असं होतं.
डिंक पाण्यात विरघळतो, हे मला माहीत आहे. पण गुण यायला वेळ लागतो.

१४ एप्रिल
थारोळं तेवढंच. वेळ लागतो.
पियुषचा फोन. त्याची अट: २७ तारखेला मोहर्लीला मंजुषाकडे जाऊन गाडी न उकळता परत आली, तर विकण्याचा विषय बंद. उकळली तर गिऱ्हाईक. मान्य केली. गाडी गेली तर बाजार, बँक, दवाखाना, सगळीकडे ऑटोवाल्याच्या मर्जीनं जायचं. ते मला जमणार नाही. हेमराज पेपरच्या आडून म्हणाले, मोहर्ली तीस किलोमीटर आहे. मला भूगोलही येतो.

१६ एप्रिल
सकाळी रेडिएटर उघडला. पाणी काठोकाठ. सुनिलला मुद्दाम कळवलं नाही. माझा तसा स्वभाव नाही.

१७ एप्रिल
काठोकाठ. सुनिलला कळवलं.
पाण्याचा हिरवा रंग गेला आहे, तो डिंकानं शोषला. गाडीखाली ओल आहे, पण ती गाडीला लागूनच असलेल्या आमच्या तुळशीची. हेमराज हल्ली माझ्याआधी उठून तिला बादलीभर पाणी घालतात. आयुष्यात पहिल्यांदा. वयानं भक्ती येते.

२१ एप्रिल
काठोकाठ. पहाटे बोनेट वाजल्यासारखं झालं. मांजर असावं.
तुळस वाळते आहे. रोज एवढं पाणी मिळूनही. मुळं कुजली असणार. हेमराजांना सांगितलं, कमी घाला. म्हणाले, "कमी करून नाई जमत. लय पेते."

२६ एप्रिल
उद्या मोहर्ली. हेमराजांनी डिकीत पाण्याच्या दोन मोठ्या कॅन ठेवल्या. पिण्यासाठी म्हणे. दोन माणसांना? काढायला लावल्या. गाडीत पाणी नेणं म्हणजे आपल्याच कामावर अविश्वास. "मंग मीच घरी राह्यतो," म्हणाले. तरी त्यांना न्यायचंच ठरवलं. साक्षीदार हवा.

२७ एप्रिल, मोहर्ली
घडलं तेवढंच लिहिते. पद्मापूर नाक्यापर्यंत गाडी उत्तम. पुढं जंगलात तापमानाचा काटा वर चढला. काटा जुना आहे. मग बोनेटमधून वाफ आली आणि गाडी आपणहून थांबली. त्या रस्त्यावर खाली उतरायचं नसतं. वाघ असतो, आणि वनरक्षक तर असतोच. बसून राहिलो.
मागून सफारीची एक उघडी जिप्सी आली. थांबली. मग दुसरी. मग बाहेरगावच्या तीन मोठ्या गाड्या. इथं उभी गाडी दिसली म्हणजे वाघ दिसला. सगळे चिडीचूप, कॅमेरे रोखलेले. जिप्सीतला गाईड कुजबुजला, "कुठी हाय जी, बाई?"
मी काहीच बोलले नाही. फक्त बांबूच्या बेटाकडं बोट केलं. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. एवढी शिस्त मला शाळेतही कधी लाभली नाही. एका बाईंना तर पट्टे दिसले.
मग हेमराजांनी काच खाली केली. "बोनेटखाली हाय, भाऊ. तहानला हाय."
पुढचं लिहिण्यासारखं नाही. जिप्सीला दोर बांधून आम्हाला मोहर्लीत ओढत आणलं. त्याचेही फोटो निघाले. जेवायच्या आत व्हिडिओ पियुषकडं पोचला. मी त्याला स्पष्ट केलं की गाडी परतीच्या वाटेवर अजिबात उकळलेली नाही.
"आई," तो म्हणाला, "परत आली कुठं?"

२८ एप्रिल
बसनं घरी. कंडक्टरनं ओळखलं.

४ मे
गिऱ्हाईक मोहर्लीला जाऊन आलं. रेडिएटरमध्ये बोट घातलं, वास घेतला आणि चहाही न पिता निघून गेलं, असं मंजुषा सांगते. गाडी आता तिच्या फाटकापाशीच राहील. पाहुणे आत बसून फोटो काढतात. गळती पूर्ण थांबली आहे. खालची माती कोरडी ठणठणीत.

१८ मे
बाजारात ऑटोनं. ऑटोवाला पोचू मला 'वाघवाल्या बाई' म्हणतो आणि स्वतःच्या मर्जीनं तीन ठिकाणी थांबतो.
एक नोंद. भर उन्हाळ्यात तुळशीला पालवी फुटली आहे. हेमराजांची बादली तीच, पाणी तेवढंच. मी स्वतः पाहिलं. म्हणजे कारण एकच उरतं: रेडिएटरमधून झिरपलेला डिंक मुळाशी मुरला.
गुण यायला वेळ लागतो, हे मी म्हटलंच होतं.