एकतीस बाटल्या

मंगळवार, १४ तारीख
वॉर्डातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय ठमे,

आशीर्वाद. मी बरी आहे. सर्दी नाही, कधी नव्हतीच. ते पुढे येईल. तुझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे? त्याला म्हणावं, पाण्याचे कॅन एकट्यानं उचलायची हौस पुरे.

एवढ्या जवळ राहून पत्र कसलं, म्हणशील. फोनवर तू नुसतं "बोल ताई" म्हटलंस तरी माझी जीभ भलतीकडे वळते.

आमची दूधपेढी तू पाहिलीस तेवढीच आहे: वॉर्डाच्या टोकाची चादरी ठेवायची खोली, एक फ्रीजर, दूध तापवायचं यंत्र आणि खुर्ची. आयाबाई रोज विचारतात, "काय सिस्टर, डेअरी उघडली का?" तुझं बाळ गेल्यावर दूध थांबेना, तेव्हा मीच म्हटलं, ते थांबवायच्या गोळ्या घेऊ नकोस, दूध आम्हाला दे. पेढीला दूध देणारी तू पहिली. "कुणाच्या तरी पोटात जाऊ दे," म्हणालीस. तू रडली नाहीस, मीच रडले.

नियम असा, की आधी आईचं रक्त तपासायचं. त्या दिवशी तुझे दोन्ही हात सुयांनी काळेनिळे झाले होते. मी सुई काढली, तुझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. फॉर्मवर मात्र "तपासले, निर्दोष" असं लिहिलं. वीस वर्षं नोकरी करून हे केलं मी. वाटलं, घरचीच तर आहे.

पेढीतलं पहिलं दूध बाळांना द्यायच्या आधी, मागच्या सोमवारी, लॅबवाल्यानं सगळे रिपोर्ट जुळवले. तुझा नव्हता.

"आता घेऊ ना तिचं रक्त," मी मोठ्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं.

"घ्या. पण आजच्या रिपोर्टनं महिन्यापूर्वीचं दूध निर्दोष ठरत नाही. आणि सिस्टर, बहिणीचं रक्त काय वेगळं असतं?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोघीतिघींचं दूध एकत्र करून तापवतात. तुझं सगळ्यात जास्त, म्हणून प्रत्येक भांड्यात तुझं होतंच. एकतीस बाटल्या. सिंकमध्ये मीच ओतल्या. आधी झाकण उघडून ओतत होते, मग चिठ्ठ्या वाचायला लागले; कुणाकुणाचं दूध ते कळावं म्हणून तुमच्या मूळ चिठ्ठ्या आम्ही या बाटल्यांवरच चिकटवतो. तू तारखेपुढे वेळही लिहितेस, आणि कुठे कुठे "आज कमी आलं, सॉरी."

ठमे, यातलं कुणाच्याच पोटात गेलं नाही. खिडकीपाशी काचेच्या पेटीतलं बाळ तुझ्या दुधावर बाळसं धरतंय, हे मी रचलेलं होतं. तू रोज विचारायचीस, आणि उत्तर ऐकलं की जेवायचीस.

बाळ खरं आहे. नऊशे ग्रॅमचं. त्याची आई शिवणकाम करते, ती अजून शुद्धीवर आलेली नाही. मागच्याच आठवड्यात त्याला दूध सुरू करायचं होतं, तुझंच. पेढी रिकामी, म्हणून पावडरचं दिलं. दोन दिवसांनी पोट फुगलं. पावडरनंच झालं असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी मान हलवते. आता त्याला तोंडानं काही देत नाहीत, नुसतं सलाइन. मी दर तासाला पोटाचा घेर मोजते आणि लिहून ठेवते. याशिवाय मला काही करता येत नाही.

आणि तू अजून दिवसातून पाचदा दूध काढतेस, बाटल्या न्यायला येणं टाळायला मी सांगितलेली सर्दी जायची वाट बघत. काल म्हणालीस, "वरचा कप्पा भरला गं, भाजीला जागा नाही उरली. आणि टोपी विणून झालीय, कधी येऊ बघायला?" मी म्हटलं, मीच येते बाटल्या न्यायला. त्याही बाटल्या रक्त तपासायच्या आधीच्याच, चालणार नाहीत, ठमे.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट उतरलं तर दूध लागेल. बहिणीला विचारून बघा." मी विचारत नाहीये. विचारू नये, हेही मला ठरवता येत नाही. तू आता गोळ्या घेतल्यास तर मी चकार शब्द काढणार नाही.

लॅब सकाळी नऊला उघडते. रक्त लॅबवाला घेतो, मी नाही. मी जिन्यापाशी असेन. माझ्याकडे न बघता वर गेलीस तरी चालेल. इथे "ये" असं लिहून दोनदा खोडलं आहे.

ताई