बिनवासाची जवळ्याची चटणी

ती. अनसूया मावशीस,

शांती नगरहून नीरजचा साष्टांग नमस्कार. (आमच्या हॉलमध्ये साष्टांग घालायला जागा नाही, अर्धाच घातलाय, गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतायत?

मी ते तरुण उद्योजकांचं प्रशिक्षण घेतोय ना, विद्यापीठ, डबे बनवणारी एक कंपनी आणि मच्छीमार सोसायटी अशा तिघांनी मिळून काढलेलं, त्याची परवा परीक्षा होती. आपला माल कंपनीच्या हवाबंद डब्यात घालून न्यायचा. पास झालो तर सोसायटीच्या दुकानात विकायला जागा. नापास झालास तर एक तारखेपासून काशीमीऱ्याला काकांच्या गोडाऊनमध्ये टायर मोजायला बस, असं बाबांनी बजावलेलं. म्हणून तू पाठवलेली जवळ्याची चटणी आदल्या दिवशीच भरली आणि वर झोकात लेबल लावलं.

पण नशीब बघ, परीक्षा नेमकी संकष्टीला! विद्यापीठाच्या मॅडमना उपास. सोसायटीचे चेअरमन हरिश्चंद्रदादा डब्याकडे आशेने बघत म्हणाले, "आज न्हाय रे पोरा, चतुर्थी हाय." कंपनीचे अल्पेशभाई तर जैन. (चव घेणार कोण, मी?) शेवटी अल्पेशभाईंनी लांबूनच नाक पुढे केलं आणि ओरडले, "अरे, बिलकुल स्मेल नहीं! अपने ढक्कन का कमाल है!" मला तिथल्या तिथे पास केलं, आणि बिल्डिंगमध्ये तरी वास येतो का बघायला डबा घरी घेऊन गेले. घरच्यांना कळू नये म्हणून लेबल उपटून.

त्यांच्या घरी बायकोने, हंसाबेननी, खाकऱ्याबरोबर निम्मा डबा संपवला.

अल्पेशभाईंचा फोन आला तेव्हा माणूस रडायचा बाकी होता. मी धावत जाऊन आईला सांगितलं. तर आई शांतपणे म्हणते, "संकष्टीला देवासमोरून जवळा नेऊ देईन होय?" तिने सकाळीच त्या डब्यात तुझी तिळाची चटणी भरली होती!

खरं सांगितलं तर ढक्कनाची कमाल गेली, जागा गेली, टायर आले. पण तिकडे हंसाबेन जवळा खाल्ल्याचं प्रायश्चित्त म्हणून अन्नपाणी सोडून बसल्या होत्या गं. मला राहवेना, सांगून टाकलं. अल्पेशभाईंच्या जिवात जीव आला आणि त्यांनी फोनवरच तिळाच्या चटणीच्या पन्नास डब्यांची ऑर्डर दिली. हरिश्चंद्रदादांनीही जागा राहू दिलीय, फक्त जवळाही ठेव म्हणाले. बाबांनी टायरचा विषय सोडलाय.

तुझा,
नीरज

ता. क. ऑर्डर घेतली खरी, पण चटणी मला कुठे येते? शनिवारी ये. लिफ्ट चालू आहे, गुडघ्यांची काळजी नको.

आणखी ता. क. माल शुद्ध जैन आहे असं मी अल्पेशभाईंना देवाशप्पथ सांगून बसलोय. हंसाबेनना त्यातली ती "कुछ अलग" चव फार आवडली म्हणे. मावशी, तू लसूण नाही ना घातलास?